हायवेवर १,७०० ला घेतलेला ग्राइंडर दुसऱ्या दिवशी जळाला, घेणाऱ्यांनी एकदा वाचा

भाऊ लोकांनो, मी एरंडोल तालुक्यात छोटं फॅब्रिकेशनचं काम करतो, गेट, ग्रील, पत्र्याचं शेड, त्यामुळे लोखंड कापायचा-घासायचा ४ इंची ग्राइंडर दिवसभर हातात असतोच. जुन्याचं आर्मेचर, म्हणजे मोटरीतला तार गुंडाळलेला फिरता भाग, दुसऱ्यांदा गेलं. जळगावला विचारलं तर चांगल्या कंपनीचा ८५० वॅटचा ३,४०० सांगितला, तेवढे खिशात नव्हते, आमच्याकडे कापूस विकला गेल्याशिवाय गिऱ्हाइकाकडून उधारी निघत नाही हे तुम्हाला माहितीच आहे.

परत येताना हायवेच्या कडेला पांढरा छोटा हत्ती टेम्पो उभा, मागे ग्राइंडर, ड्रिल, चेनसॉ मांडलेले, दोन पोरं, बोलायला एकदम गोड. "दादा, रोडच्या कामावर माल आलता, काम संपलं, परत न्यायला भाडं परवडत नाही, निम्म्यात न्या." खोक्यावर नावाजलेल्या कंपनीचं नाव, मशीनचा रंगही तोच. छोट्या जनरेटरवर चालवून दाखवला, मस्त फिरला. २,६०० वरून १,७०० ला आले आणि वर १० कटिंग व्हील फुकट. बिल मागितलं तर म्हणे बिलावर १८ टक्के जीएसटी द्यावा लागेल, ऑनलाइन पैसे देतो म्हटलं तर स्कॅनर बंद आहे. रोख दिले मी. तिथंच थांबायला पाहिजे होतं, आजही त्याचाच राग येतो.

दुसऱ्या दिवशी चौकोनी पाइप कापायला घेतला. दुसऱ्याच पाइपला फुकटातलं व्हील फुटलं. ४ इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे मारतो, म्हणजे व्हीलची कड ताशी २०० किलोमीटरच्या वर पळते, आणि तो तुकडा माझ्या भाच्याच्या कानाजवळून जाऊन मागच्या पत्र्यात रुतला. १९ वर्षांचा पोरगा आहे. व्हीलवरचा संरक्षक गार्ड होता, पण कितीही आवळला तरी जागेवर राहत नव्हता, फिरून उलट्या बाजूला गेला होता. माझे हात बराच वेळ कापत होते. मग माझ्याकडचं जुनं चांगलं व्हील लावलं, तर जरा जोर दिला की मशीन दबायची, मागच्या जाळीतून ठिणग्या, आणि दहा मिनिटांत धूर.

वाइंडिंगवाल्या आप्पांकडे नेली. उघडल्या उघडल्या आप्पा बोलले, "तुले फसाडं रे भो." ब्लेडने तार खरवडून दाखवली, वरून तांब्याचा रंग, आतून पांढरी अ‍ॅल्युमिनियम. तेवढ्याच जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या तारेला तांब्याच्या दीडपटीहून जास्त रोध असतो, म्हणून ती लोडवर लवकर तापते. आर्मेचरला करंट पोचवणारे कार्बनपण होल्डरमध्ये ढिले होते. आणि मुख्य गोष्ट आप्पांनी सांगितली ती ही, की रिकामी मशीन करंट कमी ओढते, त्यामुळे रिकामी फिरवली तर खोटी मशीनपण खरीसारखीच फिरते. त्या पोरांनी मला नेमकं तेवढंच दाखवलं होतं.

म्हणून घेताना दुकानदारासमोर एखादा अँगलचा तुकडा कापून बघा, फेरे किती उतरतात ते कानाला कळतं. गार्ड आवळून हाताने जोर लावून बघा. खोक्यावरचा आणि मशीनवरचा सिरीयल नंबर जुळवा, माझ्या खोक्यावर नंबर होता, मशीनवर नुसतीच चिकटपट्टी. खोक्यावर बनवणाऱ्याचा किंवा आयात करणाऱ्याचा पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष असायलाच पाहिजे, तो कायदाच आहे. व्हीलवर जास्तीत जास्त आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, छापलेलं असतं, ते तुमच्या मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त पाहिजे, आणि चांगल्या व्हीलच्या मधल्या कड्यावर एक्स्पायरीचा महिना-वर्ष असतो. माझ्या त्या दहा व्हीलवर यातलं काहीच नव्हतं, उरलेली नऊ मी हातोडीने फोडून टाकली, भंगारात दिली असती तर कोणीतरी उचलून लावली असती.

घरी कधीमधी खिळा नाहीतर पत्रा कापायचा असेल त्याला एवढ्या मोठ्या वॅटची गरजपण नाही, लहान मशीन घ्या पण पक्क्या बिलाची घ्या. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, पण मी तक्रार कोणाची करू? बिल नाही, दुकान नाही, दिलेला मोबाइल नंबर बंद, गाडीचा नंबरपण बघितला नाही.

परवा चाळीसगावच्या मित्राचा फोन आला, त्यांच्याकडे रस्त्याच्या कडेला असाच पांढरा छोटा हत्ती उभा होता, तीच रोडच्या कामाची गोष्ट. तुमच्याकडे दिसला तर आधी नंबर प्लेटचा फोटो काढा आणि जवळच्या पोलीस स्टेशनला कळवा, मी माझी जळालेली मशीन घेऊन जबाब द्यायला येतो.