हायड्रेंजिया की धायटी? सोलापूरच्या अंगणासाठी

उटी-महाबळेश्वर फिरून आलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोरून हायड्रेंजियाचे निळे गेंद हलत नाहीत. इथल्या अंगणासाठी मात्र माझं मत धायटी या रानझुडपाला.

हायड्रेंजिया मूळचं जपानचं, ओलसर हवेत, झाडांच्या सावलीत वाढणारं. पानं रुंद, पाण्याला हावरी. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो आणि नळाला रोज पाणी नसतं, तेव्हा हे झुडूप दुपारी बारालाच मान टाकतं.

त्यात रंगाची भानगड. निळा रंग ॲल्युमिनियममुळे येतो आणि ते मुळांना आम्लधर्मी मातीतच मिळतं. आपली काळी जमीन चुनखडीची, बोअरचं पाणी क्षारांचं. निळं रोप आणलंत तरी पुढचा बहर गुलाबीकडेच झुकणार. कोकोपीट, तुरटीचं पाणी असे उपाय कुंडीत थोडेफार चालतात. पण वरून बोअरचं पाणी सुरूच राहिलं तर केलेलं सगळं फुकट. अशा मातीत लोह मिळत नाही, मग शिरा हिरव्या आणि बाकी पान पिवळं पडतं. पांढऱ्या जातीला रंगाचा प्रश्न नाही, उन्हाचा आहेच. घरात कुत्रं-मांजर असेल तर हेही लक्षात घ्या, की झाड त्यांना विषारी आहे.

धायटीही डोंगरातलीच, पण सह्याद्रीच्या उघड्या, मुरमाड उतारांवरची. फेब्रुवारी ते एप्रिल, रान वाळत असताना, नळीसारख्या केशरी-लाल फुलांनी फांद्या लगडतात आणि शिंजीर पक्षी मधासाठी येतात. आयुर्वेदातली धातकी ती हीच. आसव-अरिष्टं आंबवताना तिची फुलं घालतात.

उणिवाही आहेत. सुगंध नाही, फुलदाणीत शोभत नाही, बहर सरला की झुडूप अगदी रानटी दिसतं. पुरुषभर उंच होऊन ऐसपैस पसरतं, त्यामुळे फ्लॅटच्या गॅलरीत नकोच. शोभेच्या नर्सरीत सहसा मिळत नाही. देशी रोपं ठेवणाऱ्या रोपवाटिकेत विचारा. पावसाच्या सुरुवातीला लावा. काळ्या मातीत पाणी साचतं, म्हणून खड्ड्यात मुरूम मिसळा. पहिले दोन उन्हाळे पाणी द्या.

गॅलरीच असेल आणि हायड्रेंजियाच हवं असेल, तर थंडीच्या तोंडावर कुंडीतलं आणा, पूर्वेकडे ठेवा, पावसाचं साठवलेलं पाणी घाला. उन्हाळ्यात तगलं तर बोनस समजा.