बव्हेरियन विकिपीडिया: म्युनिकला येणाऱ्यांनी नक्की वाचा (५ पैकी ४ स्टार)

म्युनिककडे येणाऱ्या मराठी लोकांना मी जर्मनच्या क्लासनंतर सगळ्यात आधी हेच सुचवते. जर्मन विकिपीडिया नाही हं, बव्हेरियनमधला, म्हणजे म्युनिकच्या आसपास आणि ऑस्ट्रियात बोलतात त्या भाषेतला, तो वेगळा आहे, कोड बी-ए-आर, आणि आयएसओच्या (आंतरराष्ट्रीय मानकांच्या) यादीतही या भाषेचा हाच कोड आहे. बी१ (जर्मनची मधली पातळी) पास होऊन आलात तरी बसस्टॉपवरची आजी काय बोलली ते डोक्यावरून जातं आणि क्लासची पुस्तकं त्यात काडीची मदत करत नाहीत. इथे निदान ते लिहिलेलं समोर दिसतं, दोनदा वाचता येतं, बाजूला जर्मन लेख उघडून ताडून बघता येतं. मोठ्याने वाचा मात्र, मनात वाचून कळत नाही.

थोडं वाचलं की लक्षात येतं की हे 'बिघडलेलं जर्मन' अजिबात नाही. साधा भूतकाळ जवळजवळ नाहीच, एखाददोन क्रियापदं सोडली तर सगळं 'हॅव' किंवा 'बी' यांची रूपं लावून. अनेकवचनी 'तुम्ही'साठी एस आणि एंक अशी रूपं आहेत, प्रमाण जर्मनमध्ये ती सापडणारच नाहीत. आणि मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे 'जर'लाच क्रियापदासारखा पुरुषाचा (मी, तू, तो यातला) प्रत्यय लागतो, 'तू आलास तर' म्हणायचं असेल तर 'वेन' नाही, 'वेन्स्ट'. इतके पक्के नियम असलेल्या गोष्टीला नुसती बोली म्हणून बाजूला कसं सारायचं?

पण सारतातच. युरोपात प्रादेशिक आणि अल्पसंख्य भाषांसाठी एक सनद आहे, जर्मनीने ती १९९८ मध्ये मंजूर केली, त्यात उत्तरेची लो जर्मन आहे, बव्हेरियन नाही, कारण राजभाषेच्या बोली त्या सनदेत बसतच नाहीत. आणि बव्हेरियन बोलणारे तर एक कोटीच्या वर आहेत! तिकडे लक्झेंबर्गिश, तीही मूळची जर्मनच्याच घरातली, बोलणारे कितीतरी कमी, पण देश वेगळा, १९८४ ला कायदा करून राष्ट्रभाषा झाली. युनेस्कोने २००९ च्या ॲटलसमध्ये बव्हेरियनला भाषा म्हणून धरलं तेही धोक्यातल्या यादीत. कोकणीबद्दल आपल्याकडे किती वर्षं भांडण चाललं ते आठवतंय ना, १९७५ ला साहित्य अकादमीने मान्यता दिली, १९९२ ला आठव्या अनुसूचीत गेली तरी 'मराठीचीच बोली' म्हणणारे अजून भेटतात.

भाषा की बोली हे ठरवायला हाइन्झ क्लॉस नावाच्या जर्मन अभ्यासकाने दोन मापं सांगितली होती, एक म्हणजे शेजारच्या भाषेपासून अंतर किती, दुसरं म्हणजे ती भाषा कुठल्या कुठल्या कामासाठी घडवली गेली. या दुसऱ्या मापासाठीच मला ही साइट इतकी महत्त्वाची वाटते. बव्हेरियन म्हटलं की बिअर, विनोद आणि लोकगीतं एवढंच लोकांना माहीत असतं, इथे त्याच भाषेत भूगोल आणि इतिहास लिहिलाय, तोही लोकांनी स्वतःचा वेळ काढून, फुकट.

एक स्टार कापला तो स्पेलिंगसाठी. सर्वमान्य लेखनपद्धत नाहीये त्यामुळे व्हिएन्नाचा माणूस एक लिहितो, वरच्या बव्हेरियातला दुसरं, काही लेखांवर कुठल्या बोलीत लिहिलंय त्याची पाटी असते ती आधी बघा. शब्द सर्च करताना दोनतीन प्रकारे टाकावा लागतो. बरेच लेख खूप छोटेही आहेत, नुसती माहिती हवी असेल तर जर्मनच उघडा.

अजून एक, नोकरी न्युर्नबर्ग किंवा ऑग्सबुर्गला असेल तर याचा फार उपयोग नाही. राज्य बव्हेरियाच असलं तरी तिकडे फ्रँकोनियन आणि श्वाबियन चालते. उलट ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग, व्हिएन्नाला किंवा इटलीतल्या दक्षिण टायरॉलला जाणाऱ्यांना हेच कामाला येईल. सुरुवात म्युनिकच्या लेखापासून करा, 'मिंगा' टाकलं की मिळतो.