सरकारी नोकरीची जाहिरात समजावून देणारी सेवा: एक अभिप्राय
सरकारी पदासाठी अर्ज करताना मी एका मार्गदर्शन सेवेची मदत घेतली, आणि तिचे खरे मोल अर्ज भरून देण्यात नसून जाहिरात ओळीओळीने वाचायला लावण्यात आहे, असे माझे मत झाले. अनिवार्य आणि इष्ट (असल्यास चांगली, पण सक्तीची नसलेली) अर्हता म्हणजे पात्रता यांतील फरक, वय नेमक्या कोणत्या तारखेला मोजले जाणार, अनुभव अर्हता मिळाल्यानंतरचाच धरला जाणार का, हे सारे मार्गदर्शकांनी मूळ अधिसूचनेवर बोट ठेवून दाखवले. माझ्या प्रमाणपत्रांवरील नावातली तफावतही त्यांच्याच लक्षात आली. अर्ज सादर झाल्याची पोच मात्र मागितल्याशिवाय मिळाली नाही. ही उणीव मला गंभीर वाटते; कारण शुल्क भरले तरी अर्जाचे अंतिम सादरीकरण राहून गेलेले असू शकते, आणि ते मुदतीआधीच कळायला हवे.