लिहोसीन: माजलेल्या कपाशीला उत्तम, कोरडवाहूला नको

तापीकाठच्या काळ्या जमिनीत ठिबकवरची पूर्वहंगामी कपाशी माजली की शेंडे पळतात, ओळी दाटतात, खालच्या फळफांद्यांना ऊन मिळत नाही आणि पाती (फुलाच्या कळ्या) गळतात. तिथे क्लोरमेक्वाट क्लोराईड 50 टक्के, म्हणजे दुकानात लिहोसीन म्हणून मागतात ते, झाडाची वाढ रोखणारे 5 पैकी 4 गुणांचे औषध आहे. अमळनेर-पारोळ्याकडच्या हलक्या कोरडवाहू रानात मात्र त्यावर पैसे घालू नका. पाण्याच्या ताणातले झाड आधीच खुजे असते, ते आणखी आखडते.

हा अमोनियमचाच क्षार, फक्त चार हायड्रोजनांच्या जागी तीन मिथाइल आणि एक क्लोरोइथाइल गट. अशा क्षारांचा झाडांच्या वाढीवरचा परिणाम अमेरिकी शास्त्रज्ञ टॉल्बर्ट यांनी 1960 मध्ये मांडला. झाडात जिबरेलिन हे वाढीचे संजीवक बनण्याची साखळी सुरुवातीलाच अडते, पेशी लांबत नाहीत, पेरे (खोडावरचे दोन पानांमधले अंतर) आखूड राहतात. म्हणून जिबरेलिक ॲसिड असलेले टॉनिक त्याच पंपात टाकणे म्हणजे एका हाताने बांधायचे नि दुसऱ्याने सोडायचे. टॉनिकच्या बाटलीवरचे घटक आधी वाचा.

फवारणी नुसत्या उंचीवरून ठरवू नका. शेंड्याकडून चौथ्या आणि पाचव्या पानामधला पेरा पट्टीने मोजा. दहा-बारा झाडांवर तो 7-8 सेंटिमीटरच्या वर भरला तरच पंप भरा. ढगाळ हवेने किंवा साचलेल्या पाण्याने होणारी पातेगळ याने थांबत नाही.

मात्रा 10 लिटरला 1 ते 2 मिली, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला दीड ते 3 मिली. एवढेसे औषध टोपणाने मोजता येत नाही, आणि सगळा घोळ इथेच होतो. बिनसुईची 5 मिलीची सिरिंज घ्या. जास्त पडले तर शेंड्याची पाने लहान, जाड, गर्द हिरवी होऊन सुरकुततात. आखडलेला पेरा पुन्हा लांबत नाही. मेपिक्वाट क्लोराईड याच कुळातले, पण ते 5 टक्क्यांचे मिळते. त्याचे मिली याला लावले तर औषध दहापट जाते.

एक गुण कापला तो हाताळणीसाठी. द्रावण उघड्या धातूला खाते, म्हणून बादली प्लास्टिकचीच हवी आणि पंपाची लान्स (फवारणीची नळी) लगेच धुवावी. रेणूची ठेवण शरीरातल्या कोलीनसारखी आहे. पोटात गेले तर लाळ सुटते, नाडी मंदावते, झटके येतात आणि खास उतारा नाही. थंडपेयाच्या रिकाम्या बाटलीत ते कधीच काढू नका. कुणाच्या पोटात गेलेच तर मूळ बाटली लेबलासकट दवाखान्यात न्या, कारण लक्षणे ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांच्या विषबाधेसारखी दिसतात आणि उपचार त्यावरून चुकू शकतात.