1/8 जग्वारचे टायर घरी ओतले, त्याला आठ महिने झाले

गेल्या वर्षी मे महिन्यात मामाकडचं शोकेस आवरताना त्याची जग्वार ई-टाइप खाली काढायला घेतली. मामा बोटीवर नोकरीला होता. ऐंशीच्या दशकात त्याने हे 1/8 चं, म्हणजे खऱ्या गाडीच्या आठव्या हिश्शाएवढं, प्लास्टिकचं किट परदेशातून आणलं आणि दोन सुट्ट्या खर्चून जोडलं. लहानपणी त्या गाडीला हात लावायची परवानगी आम्हा भाचरांना फक्त दिवाळीत मिळायची. गाडी उचलली आणि मागचं डावं चाक शोकेसच्या काचेलाच चिकटून राहिलं.

टायर कडक होऊन चिरले होते. एक टायर सोलून काढला, तर त्याच्या खालचा रिम तपकिरी पडलेला, क्रोम फुगलेलं, आणि जिथे टायर टेकत होता तिथे टायरच्या कडेचा ठसा प्लास्टिकमध्ये उमटलेला. ब्लेडचं टोक लावलं तर गुळाच्या पाकासारखी तार आली. पीव्हीसी मुळात कडक असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं प्लास्टिसायझर घालतात. वर्षानुवर्षं ते हळूहळू पाझरत राहतं. रिम पॉलिस्टायरीन नावाच्या प्लास्टिकचा, त्याला ते विरघळवतं. म्हणजे टायरमधला मऊपणा रिममध्ये जातो, आणि दोन्ही वाया जातात. त्या काळच्या मऊ पीव्हीसी टायरच्या कुठल्याही किटमध्ये हे होऊ शकतं. ज्यांच्या घरी अशी जुनी मॉडेलं आहेत त्यांनी आजच एक टायर हलवून बघावा.

रिम खरवडून, पुट्टी भरून, रंगवून घेतले. ते काम सोपं होतं. टायर मात्र कुठेच मिळेनात.

आधी मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला गेलो. सील आणि ओ-रिंगच्या दुकानातल्या काकांनी सगळे खोके उघडून दाखवले. बाहेरून मापात बसणाऱ्या रिंगा होत्या, पण ओ-रिंग कापली तर गोल दिसते. टायरला सपाट तळ आणि उभी बाजू लागते. गाडीवर लावली की सायकलची ट्यूब गुंडाळल्यासारखं दिसतं. मग आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या, गाड्यांचे टायर बघितले. 1/10 ऑनरोड गाडीचा रिम साधारण 52 मिमीचा असतो आणि टायर बाहेरून 65 च्याही आत. खडबडीत जागेवर पळणाऱ्या आरसी ‘बगी’ गाडीचे मागचे टायर बाहेरून 85 च्या आसपास भरतात, पण त्यांचा रिम 2.2 इंची, म्हणजे 56 मिमी, आणि वर रबरी खिळे.

इथे माप समजून घ्या. खऱ्या ई-टाइपची चाकं 15 इंची, म्हणजे 381 मिमी. आठाने भागलं की 47.6. खऱ्या टायरची बाहेरची उंची 670 मिमीच्या आसपास, मॉडेलवर ती 84 होते. मी परदेशातल्या एका विक्रेत्याकडून ‘1/8 साठी’ म्हणून एक संच मागवला. जाहिरातीत फक्त बाहेरचं माप होतं. टायरपेक्षा पाठवणावळ आणि कस्टम जास्त लागलं, आणि आलेल्या टायरचं भोक 44 चं निघालं. ताणून बसवला तर बाजू बशीसारखी फुगली. तेव्हापासून मी आधी व्हर्नियरने रिमचं माप घेतो, रुंदीसकट, आणि विक्रेत्याकडून भोकाचं माप लेखी आल्याशिवाय पैसे भरत नाही. 1/8 असो, 1/12 असो, स्केलच्या आकड्यावर टायर कधीच घेऊ नका.

एका मित्राने टीपीयूमध्ये, म्हणजे रबरासारख्या लवचिक प्लास्टिकमध्ये, टायर थ्रीडी प्रिंट करून दिले. मापाला अचूक, अजूनही आकार जराही बदललेला नाही. पण थरांच्या रेघा बाजूवर स्पष्ट दिसतात आणि टीपीयू घासलं की गुळगुळीत होण्याऐवजी त्याला लव येते. मला ते डोळ्यांना सहन होईना.

शेवटी ओतायचं ठरवलं. चारपैकी एक टायर आकाराने शाबूत होता. साबणाने धुऊन त्याच्या चिरा एम-सीलने भरल्या, खाचा सुईने मोकळ्या केल्या आणि त्यावरून सिलिकॉनचा दोन भागांचा साचा केला. साच्यात काळं पॉलियुरेथेन रबर ओतलं, शोअर ए 60 चं (शोअर ए हे रबराच्या कडकपणाचं माप). हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका. कडक होण्यापूर्वी हे रसायन श्वासाला आणि त्वचेला वाईट असतं.

पहिली ओतणी ऑगस्टमध्ये केली आणि चारही टायर जाळीदार ढोकळ्यासारखे निघाले. पॉलियुरेथेनला ओलावा लागला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि बुडबुडे होतात. डोंबिवलीच्या पावसाळ्यात उघडा डबा हवेतलं पाणी ओढतोच. नोव्हेंबरात, कोरड्या हवेत, नवा डबा फोडून, उंचावरून बारीक धार धरून ओतलं. दुसऱ्या दिवशी साचा उघडला तेव्हा टायरच्या कडेवरची अक्षरं, खाचांमधल्या बारीक आडव्या रेघा, सगळं जसंच्या तसं आलं होतं. साच्याच्या जोडावरची रेघ काढायला टायर रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला. कडक झाल्यावर 320 च्या पॉलिशपेपरने नीट घासला जातो, आणि तोच पेपर नको ती चकाकीही घालवतो. गरम पाण्यात पाच मिनिटं भिजवून रिमवर चढवले. त्याआधी रिमवर एसीवाले वापरतात ती ॲल्युमिनियमची चिकटपट्टी फिरवून घेतली. नवं रबर रिमला काही करणार नाही असं वाटत असलं तरी एकदा पोळल्यावर मी हा धोका घेणार नाही.

आता जुलै आहे. गाडी सतत चाकांवरच उभी आहे, वजन दीड किलोच्या आसपास. तळाशी टायर 84 चा 83.7 झालाय, एवढंच. टायर भरीव आहेत म्हणून दबले नाहीत. जूनमध्ये एक टायर उतरवून बघितला: पट्टी कोरडी, रिमवर डाग नाही. चारपैकी एका टायरवर रुपयाएवढा चिकट ठिपका राहिला, तो महिन्यानंतरही सुकला नाही. हे रबर दोन द्रव मिसळून होतं, त्यांचं वजन अंदाजाने घेतलं होतं, चूक माझी. सोनाराच्या छोट्या काट्यावर मोजून तो पुन्हा ओतला. सगळं मिळून, फुकट गेलेली पहिली ओतणी धरून, खर्च साडेतीन हजारांच्या आत.

पुढच्या वर्षांची एक काळजी आहेच. कपाटात पडून राहिलेल्या बुटांचे तळ अचानक भुगा होतात ते पुष्कळदा याच जातीचं रबर असतं. दमट हवेत ते आतून तुटतं. पॉलिएस्टर जातीचं लवकर तुटतं, पॉलिइथरचं पाण्याला जास्त टिकतं. म्हणून विकत घेताना पॉलिइथरच मागून घ्या. मी शोकेसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या आहेत आणि दर महिन्याला तापवून घेतो.

मामा आता अठ्ठ्याहत्तरचा आहे. टायर बसल्यावर त्याने चष्मा वर करून अंगठ्याने एक टायर दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मग म्हणाला, “पाचवा पण ओत. डिकीतलं स्टेपनी राहिलंय.”

साचा अजून चांगला आहे, आणखी सात-आठ वेळा सहज चालेल. स्टेपनी पाऊस संपल्यावर, नोव्हेंबरात.