आर-22 की ह्यूज 300: हेलिकॉप्टर शिकायला अमेरिकेला निघालेल्यांसाठी

अमेरिकेत हेलिकॉप्टरचं लायसन्स काढायचं ठरलं की शाळेइतकाच महत्त्वाचा प्रश्न मशीनचा असतो. शाळांच्या यादीत आर-44 किंवा कॅब्री ही हेलिकॉप्टरंही दिसतील, पण खर्चाचा हिशोब मांडायला बसलात की बहुतेक वेळा दोन जुनी नावं समोर उरतात: रॉबिन्सन आर-22 आणि ह्यूज 300, म्हणजे आजची श्वायझर 300. ताशी दर बघून निवड करणारे पुष्कळ आहेत. मी म्हणेन, ही मशीनं मुळात कुणाला विकायची म्हणून बनवली होती ते आधी बघा. आज जे गुणदोष तुमच्या वाट्याला येतील ते तिथूनच आलेत.

ह्यूज टूल कंपनीच्या विमान विभागाने मॉडेल 269 चं, म्हणजे 300 च्या मूळ मशीनचं, काम 1955 मध्ये हाती घेतलं आणि पुढच्याच वर्षी ते उडालं. अमेरिकी लष्कराने टेहळणीसाठी पाच नमुने तपासले, पण मोठी ऑर्डर दिली नाही. मग कंपनी नागरी गिऱ्हाइकाकडे वळली. तीन आसनांचं रूप आलं तेव्हा ते 'ह्यूज 300' म्हणून बाजारात उतरवलं. आकडा मोठा, लक्षात राहणारा आणि आसनांशी जुळणारा. खरं नशीब उघडलं 1964 मध्ये, लष्कराने याच कुळातलं टीएच-55 प्रशिक्षणासाठी निवडलं तेव्हा. अशी 792 मशीनं लष्कराने घेतली. व्हिएतनामला जाणारे असंख्य पायलट टेक्ससमधल्या फोर्ट वॉल्टर्सला त्यावर शिकले. शिकाऊ हातांचे धक्के सोसणारं मशीन, ही ओळख तिथे पक्की झाली.

आर-22 ची गोष्ट उलटी आहे. फ्रँक रॉबिन्सन सेस्ना, कामान, बेल, ह्यूज अशा कंपन्यांत राबलेले इंजिनिअर. लहान, स्वस्त, दोन आसनी हेलिकॉप्टर करू या, ही त्यांची कल्पना कुणी उचलून धरली नाही. 1973 मध्ये ह्यूज सोडून त्यांनी कॅलिफोर्नियात घरीच काम सुरू केलं. ऑगस्ट 1975 मध्ये पहिलं उड्डाण, 1979 मध्ये प्रमाणपत्र. किंमत सुरुवातीला साधारण 40 हजार डॉलर. डोळ्यासमोर होता स्वतःचं हेलिकॉप्टर बाळगू शकणारा खासगी मालक. पण इतकी कमी किंमत आणि कमी खर्च बघून खरेदीला धावल्या त्या प्रशिक्षण शाळा. अनुभवी मालकासाठी आखलेलं हलकं मशीन नवशिक्यांच्या हातात गेलं, आणि माझ्या मते आर-22 बद्दल सगळ्यात आधी समजून घ्यायची गोष्ट हीच आहे.

कारण तिचा रोटर, म्हणजे वरची फिरती पाती, हलका आहे आणि इंजिन गेलं की त्याचा वेग झपाट्याने उतरतो. इंजिन बंद पडलं तर सेकंद-दीड सेकंदात कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा) खाली गेलाच पाहिजे; रोटरचा वेग (आरपीएम) 97 टक्क्यांवर आला की हॉर्न वाजतो, तेव्हा विचार करत बसायला वेळ नसतो. दोन पात्यांच्या झुलत्या रोटरमुळे आणखी एक धोका येतो. सायक्लिक (मशीन पुढे-मागे, डावी-उजवीकडे झुकवणारा दांडा) जोरात पुढे ढकलला की मशीन क्षणभर वजनहीन होतं, उजवीकडे कलतं, आणि घाबरून डावीकडे सायक्लिक मारला तर रोटरचा मधला भाग (हब) त्याला फिरवणाऱ्या उभ्या दांड्यावर (मास्ट) आदळू शकतो; यालाच मास्ट बंपिंग म्हणतात. अशा अपघातांनंतर 1995 मध्ये एफएए या अमेरिकेच्या नागरी विमान-नियामक संस्थेने खास नियम केला. त्यानुसार नवख्याला आर-22 मध्ये एकट्याने उडण्याआधी याच मशीनवर किमान 20 तास प्रशिक्षकासोबत काढावे लागतात.

300 चा तीन पात्यांचा रोटर जड आणि सांध्यांचा, म्हणजे प्रत्येक पातं आपल्या सांध्यावर वेगळं हलतं. मास्ट बंपिंगची भीती नाही, ऑटोरोटेशन (इंजिनाशिवाय, हवेच्या झोताने फिरणाऱ्या रोटरवर उतरणं) शिकताना चूक सुधारायला थोडा जास्त वेळ मिळतो. तिचा धोका जमिनीवर: रोटरचे डॅम्पर किंवा पायांतले शॉक स्ट्रट (दोन्ही हादरे शोषणारे भाग) थकलेले असले तर ग्राउंड रेझोनन्स होतो, म्हणजे रोटर आणि सांगाड्याची थरथर एकमेकांना वाढवत जाते, आणि मशीन काही सेकंदांत स्वतःलाच मोडून टाकतं. म्हणजे देखभाल करणारा मेकॅनिक कसा आहे, यावर बरंच अवलंबून.

आता वजन. आर-22 च्या बीटा-2 या रूपाचं कमाल वजन सुमारे 621 किलो, रिकामं साधारण 400. इंधनाची मुख्य टाकी भरली की 52 किलो गेले. राहतात 170 च्या आसपास, म्हणजे तुम्ही 85 आणि प्रशिक्षक 85, बस. 300 च्या 300सी या रूपाची मर्यादा 930 किलो, इंजिन 190 अश्वशक्तीचं. तुम्ही अंगाने भरलेले असाल तर निवड इथेच संपते.

वेग आणि इंधनात आर-22 पुढे. हिशोबातही: 2,200 तास किंवा 12 वर्षांनी पूर्ण ओव्हरहॉल (मशीन उघडून केलेली मोठी दुरुस्ती), त्यामुळे शाळेला दर ठरवणं सोपं. 300 चं घराणं ह्यूजकडून श्वायझर, मग सिकोर्स्की, आणि 2018 मध्ये टेक्ससमधल्या फोर्टवर्थच्या नव्या मालकांकडे गेलं. मधल्या काळात उत्पादन थांबलं होतं. सुटे भाग वेळेवर मिळतात का, हे शाळेला स्पष्ट विचारा.

तिथेच प्रशिक्षक म्हणून तास वाढवायचे असतील तर आर-22 घ्या; रॉबिन्सनवरचे तास तिकडे जास्त चालतात. परत येऊन जुहूहून समुद्रातल्या तेलविहिरींवर उडायचं स्वप्न असेल, तर पुढची मशीनं आर-22 पेक्षा वेगळ्याच रोटरची असतात, आणि पाया 300 वर घातलेला मला जास्त आवडेल. मशीन कोणतंही निवडा, फी भरण्याआधी तुमचं आणि प्रशिक्षकाचं वजन टाकून वेट-अँड-बॅलन्सचा (एकूण वजन आणि तोल मर्यादेत बसतो का ते दाखवणारा) कागद करून मागा, आणि पुढच्या ओव्हरहॉलला किती तास उरलेत ते लॉगबुकात स्वतः बघा.