मिरचीची पानं पिवळी पडली: पीएच पेन घ्यावा की पानंच बघावीत?

मिरगापासून गणपतीपर्यंत बेळगावात आणि खानापूर भागात उन्हाचा भरवसा नसतो, त्यामुळं संकेश्वरी मिरचीची रोपं घरात एलईडी दिव्याखाली घ्यायची हौस माझ्यासारखी आणखी काही जणांना आहे. रोप सहा-आठ पानांवर आलं की पहिलं पान पिवळं पडतं, आणि नवखा माणूस दोनपैकी एक करतो. एक तर मोबाईलवरून पीएच (आम्लता) आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणाऱ्या पेनची जोडी मागवतो, नाही तर पिवळं पान खिशात घालून खताच्या दुकानात जातो. तिथं दुकानदार पान बघून "एली हळदी आगेद" (पान पिवळं झालंय) म्हणतो आणि १९:१९:१९ खताची पुडी पुढं सरकवतो. दुकानाचा मार्ग सोडूनच देऊ. खरी निवड पेन आणि स्वतःचे डोळे यांच्यात आहे. मी दोन्ही वापरलंय. माझा कल कुठं आहे ते लपवत नाही, पण पेन घेणाऱ्याला वेड्यात काढण्यासारखंही काही नाही.

डोळ्यांकडं नवखा माणूस कमीपणानं बघतो, म्हणून आधी तेच. पिवळेपणा किती आहे हे नंतर. तो कुठून सुरू झाला हे आधी बघायचं. नत्र, पालाश (पोटॅशियम), मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं रोपाच्या अंगात फिरतात. कमी पडली की रोप ती खालच्या जुन्या पानांतून काढून शेंड्याला देतं, म्हणून खालची पानं आधी जातात. लोह, मँगनीज, कॅल्शियम फिरत नाहीत, त्यामुळं तिथं त्रास कोवळ्या पानांत दिसतो. एवढं एक सूत्र हाताशी असलं तर निम्मा गोंधळ संपतो. खालचं पान सगळंच्या सगळं फिकट पिवळं, तर नत्र. खालच्याच पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर मॅग्नेशियम. कडा भाजल्यासारख्या, तर पालाशचा संशय घ्यावा. शेंड्याचं पान पिवळट-पांढरं आणि शिरांची बारीक हिरवी जाळी तेवढी उरलेली, तर लोह. अथणी-रायबागकडच्या ऊसवाल्याला हे सांगायची गरज नाही, चुनखडीच्या काळ्या रानात उसावर येणारा केवडा त्यानं लहानपणापासून बघितलेला असतो. कुंडीतल्या मिरचीवर दिसतो तोही त्याच जातीचा त्रास.

पिवळं पान म्हणजे खत कमी, असं मात्र नाही. घरातल्या कुंडीत सगळ्यात जास्त वेळा कारण निघतं ते पाणी जास्त झाल्याचं. पावसाळ्यात हवा ओली, दिवा मंद, रोप पाणी पीत नाही, आणि आपण मात्र सवयीनं रोज तांब्याभर ओततो. मुळांना हवा मिळत नाही, खालची पानं पिवळी होऊन लोंबतात, मातीला कुबट वास येतो. याला पेन काय सांगणार? कुंडी उचलून बघायची. पाणी घातल्याबरोबरचं वजन आणि दोन दिवसांनंतरचं वजन हाताला आठवड्याभरात कळायला लागतं. बोट मातीत दोन पेरं घालून बघितलं तरी चालतं, पण मला उचलणं जास्त भरवशाचं वाटतं, कारण वरची माती कोरडी आणि तळाला चिखल असं बरेचदा असतं.

मग पान उलटं करायचं. बारीक पिवळे ठिपके, खाली जाळ्याचे धागे आणि हलणारे कण दिसले तर लाल कोळी. दिव्याखालच्या कोरड्या, उबदार कोपऱ्यात तो जोमानं वाढतो. घड्याळजीकडं असतं तसलं भिंग त्यासाठी पुरतं, आणि ते पेनच्या मानानं स्वस्तच. पानं वाकडी होऊन वर वळत असतील तर फुलकिडे किंवा चुरडा-मुरडा बघायचा, खत नाही. फक्त दिव्याच्या अगदी जवळचीच पानं फिकी असतील तर दिवा वितभर वर घ्यायचा. आणि अगदी तळाची ती पहिली दोन गुळगुळीत दलं पिवळी पडून गळत असतील, तर रोपाचं वय झालंय एवढंच. काहीही करू नका.

आता पेन. त्याचा मोठा गुण म्हणजे तो मूळ कारणाजवळ जातो. लोहाचा केवडा दिसला तरी मातीत लोह नसेलच असं नाही. पीएच सातच्या वर गेला की लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही, आणि हे डोळ्यांना दिसत नाही. मातीत मिरचीला साधारण ६ ते ७ च्या आत ठेवावं, कोकोपीटमध्ये ५.५ ते ६.५. हे पेनशिवाय कळणं अवघड, एवढं मान्य.

माझं मन त्याच्यावरून उतरलं ते एका गोष्टीनं. पेनच्या टोकाचा काचेचा फुगा कायम ओला ठेवावा लागतो, आणि तोही साध्या पाण्यात नाही, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात. आरओच्या पाण्यात ठेवला तर उलट खराब होतो. वापरायच्या आधी ६.८६ आणि ४ च्या बफरमध्ये, म्हणजे ठरावीक पीएचच्या द्रावणात, बुडवून आकडा जुळवून घ्यायचा. बफरची पुडी डिस्टिल्ड पाण्यात विरघळवायची, आणि तिसरा, ९.१८ चा बफर उघडा राहिला तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून स्वतःच खाली घसरतो. हे सगळं रोजच्या रोज करणाऱ्याला काहीच वाटत नाही. पण आपल्याला पेन आठवतो तो पान पिवळं पडल्यावर. तोवर टोपणातलं द्रावण वाळलेलं, फुग्यावर पांढरी पापुद्री. बुडवला की ७.९ दाखवतो, मिनिटभरानं ७.३, धुऊन परत बुडवला तर ६.८. आता आजारी कोण, मिरची की पेन? रोपाचं निदान करायला बसलेला माणूस संध्याकाळभर पेनचंच निदान करत बसतो. आणि एकदा आकडा दिसला की हात गप्प राहत नाही; ७.४ दिसलं म्हणून लगेच लिंबू पिळणारे मी बघितलेत.

दुसरी अडचण आपल्याकडच्या पाण्याची. राकसकोप किंवा हिडकल धरणाचं नळाचं पाणी असतं तोवर ठीक. उन्हाळ्यात नळ लांबला की बोअरचं किंवा टँकरचं पाणी सुरू होतं, आणि त्यातला चुना-बायकार्बोनेट कुंडीचा पीएच हळूहळू वर चढवत नेतो. गंमत अशी की पाण्याचा पीएच आणि त्यातलं बायकार्बोनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेनवर सारखाच आकडा दाखवणारी दोन पाणी कुंडीत अगदी वेगळी वागू शकतात. बंबात किंवा गिझरच्या कॉइलवर पांढरा थर किती पटकन चढतो, हे बघून मला पेनपेक्षा जास्त कळलंय. मोजमाप म्हणून हे कच्चं आहे, पण अजून तरी त्यानं फसवलेलं नाही.

डोळ्यांनी काढलेलं निदान पक्कं करायचाही एक सोपा मार्ग आहे. शेंड्याची पानं पिवळी असतील तर लिटरभर पाण्यात दोन-तीन ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि लिंबाचे चार थेंब घालून, संध्याकाळी दिवा बंद झाल्यावर, एकाच पानाच्या अर्ध्या भागाला कापसानं लावायचं. लोह पानात फिरत नसल्यानं जिथं लागलं तिथंच हिरवं होतं. आठ-दहा दिवसांत अर्धं पान हिरवं आणि अर्धं पिवळं दिसलं की शंका फिटली. त्यानंतर मातीत हिराकस ओतत बसू नये, चुनखडीच्या मातीत तो लगेच अडकतो. तिथं ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून बांधून ठेवलेलं लोह, घ्यावं. ईडीटीएवालं स्वस्त पडतं, पण चढ्या पीएचला टिकत नाही.

खानापूरकडच्या लाल जांभ्या मातीत उलटं चित्र असतं. तिथं पावसानं चुना आणि मॅग्नेशियम वाहून गेलेलं, त्यामुळं पिवळेपणा खालून येतो आणि मॅग्नेशियम सल्फेटची हलकी फवारणी बहुतेक वेळा भागवते. अशा मातीत वाढवणार असाल तर पेनला मी पैसे घालणार नाही.

कोकोपीटमध्ये वाढवणार असाल तर मात्र माझं ऐकू नका. नीट न धुतलेलं कोकोपीट कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि पोटॅशियम-सोडियम सोडतं. खतही सगळं पाण्यातूनच द्यायचं असतं, तिथं नुसत्या डोळ्यांवर चालणं म्हणजे अंधारात हात मारणं. पीएच आणि ईसी (पाण्याची वीजवाहकता, म्हणजे त्यातल्या क्षारांचा अंदाज) दोन्ही बघावं लागतं. फक्त टीडीएस पेनचा पीपीएम आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडू नका. एका ईसीला कुणी ५०० ने गुणतो, कुणी ७०० ने.

दोन सळ्यांचं, सेलशिवाय चालणारं थ्री-इन-वन मीटर या तुलनेत आणलंच नाही, कारण त्याचा पीएचचा काटा पाणी घातलं की हलतो आणि वाळलं की परत हलतो. फोटो काढून रोग सांगणारी ॲप किडीला बरी आहेत, कमतरतेला नाहीत; दिव्याच्या जांभळट उजेडात काढलेल्या फोटोत हिरवं पानही आजारी दिसतं.

आणि एवढं वाचूनही पेन घ्यायचाच असेल तर टोक बदलता येणारा घ्या, बफर आणि साठवणीचं द्रावण त्याच ऑर्डरमध्ये मागवा, आणि माती तपासायची झाली तर पेन थेट कुंडीत खुपसू नका. एक भाग मातीला अडीच भाग डिस्टिल्ड पाणी, ढवळून अर्धा तास ठेवायचं, मग बुडवायचा.